कानामागचा थेंब

बाळ पोटात होतं तेव्हापासून त्याच्या बाप्तिस्म्यावरून दोन घरांत धुसफुस चालू होती.

बाळाची आई कॅथलिक, वडील प्रोटेस्टंट. लग्न दोघांच्या पसंतीचं. थोरामोठ्यांनी तेव्हा एक शहाणपणा केला होता, ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो विचारायचाच नाही. रविवारी सकाळी नवराबायको एकाच दारातून बाहेर पडायची. ती डावीकडे वळून मिस्साला जायची, तो उजवीकडे वळून उपासनेला. दोन्हीकडचं आटोपलं की कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला भेटायची.

"तुमच्याकडे आज काय सांगितलं?"

"शेजाऱ्याशी नीट वागा."

"आमच्याकडेही तेच."

"मग दोन ठिकाणी कशाला जातो आपण?" असं तो कधीमधी म्हणायचा. ती म्हणायची, "तुला आमचा धूप सोसत नाही आणि मला तुमचं ते न संपणारं प्रवचन." आणि दोघं हसून उठायची.

पण बाळाला काही असं अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे पाठवता येत नाही. बाळाच्या आईची आई बेकरी चालवायची. पहाटेपासून भट्टीसमोर उभी राहणारी, हाताला कायम पीठ लागलेली बाई. तिचं म्हणणं, आमच्या घरातलं प्रत्येक मूल आमच्या चर्चमधल्या एकाच पाण्याच्या कुंडापाशी देवाचं झालं, हेही तिथेच होईल. बाळाच्या वडिलांची आई संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. दगडी मनोऱ्याच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवत आली होती. ती बोलायची कमी, पण बोलली की ते दगडावर कोरलेलं असायचं. "माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ऑर्गनवर मीच होते. नातवंडाच्या वेळीही मीच असेन." एवढंच ती म्हणाली होती. गंमत म्हणजे दोन्ही चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणीच घालतात आणि जवळपास तेच शब्द म्हणतात. कॅथलिक त्याला स्नानसंस्कार म्हणतात, प्रोटेस्टंट बाप्तिस्मा. भांडण पाण्याचं नव्हतंच, नळ कुणाचा याचं होतं.

बेकरीवाली आजी आणि ऑर्गनवाली आजी एकमेकींना "विहीणबाई" म्हणायच्या तेव्हा त्यातला "बाई" जरा जास्तच जोरात यायचा.

आणि मग बाळाने कुणाचीच वाट पाहिली नाही. सातव्या महिन्यातच आईचा रक्तदाब एकदम चढला, तातडीने सिझेरियन करावं लागलं आणि मुलगी झाली. वजनाने बेकरीतल्या मोठ्या पावाएवढीही नव्हती. तिला थेट नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं, काचेच्या पेटीत ठेवलं, आणि नळ्या, पट्ट्या, तारा यांच्यामधून ती दिसेल तेवढी बघायची, असे दिवस सुरू झाले.

त्या विभागात एक ज्येष्ठ परिचारिका होती. तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. हातांनी हलकी आणि बोलण्यात सरळ. बाळाचे आईवडील तिला दुसऱ्याच दिवशी ओळखू लागले, कारण तिने खोटा धीर दिला नाही. "आज कालच्यापेक्षा बरी आहे, उद्याचं उद्या," असं ती म्हणायची आणि ते त्यांना पुरायचं.

सिस्टरही ख्रिस्ती होती, पण या दोन्ही चर्चची नव्हती. तिची मंडळी एका नळ-टाक्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायची. लोक थोडे, गाणी मोठ्याने, प्रार्थना त्याहून मोठ्याने. त्यांच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे पाण्याखाली अख्खं बुडवून वर काढणं, आणि तोही समजत्या वयात, माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगितल्यावर. बाळाच्या डोक्यावर पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा घेण्यासारखं आहे, असं त्यांचे पास्टर म्हणायचे. सिस्टरला ते पटत होतं. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी, पूर्ण विचार करून, त्या पाण्यात उतरली होती.

दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी बाळाचं पोट फुगलं. कातडीचा रंग बदलला. सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली, एक्स-रे निघाला आणि डॉक्टरबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"आतड्याला भोक पडलंय. ऑपरेशन लगेच करावं लागेल, सर्जन निघालेत. ऑपरेशनशिवाय ती वाचणार नाही. आणि ऑपरेशनमध्ये वाचेलच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

बाळाचे वडील रक्त आणायला रक्तपेढीकडे धावले. बाळाच्या आईला टाक्यांमुळे ताप भरला होता, म्हणून तिला आत सोडत नव्हते. ती हॉस्पिटलच्या ढगळ गाऊनमध्ये काचेला कपाळ लावून उभी होती. मागे दोन्ही आज्या.

बेकरीवाल्या आजीने फादरना फोन लावला. बंद. चर्चमध्ये लावला, तेव्हा कळलं की फादर गावाबाहेर दफनविधीला गेलेत. तिने फोन खाली ठेवला आणि विहिणीकडे पाहिलं. ऑर्गनवाल्या आजीने तिच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, लगेच निघतो, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तासभर तरी लागेल. आत थिएटरची तयारी सुरू झाली होती. तासभर कुणाकडेच नव्हता.

बाळाच्या आईने काचेवर बोटं वाजवली. सिस्टर दारापाशी आली.

"सिस्टर, तुम्ही ख्रिस्ती आहात ना?"

"हो."

"मग तुम्ही द्या."

सिस्टरला कळलं होतं, तरी तिने विचारलं, "काय?"

"स्नानसंस्कार. बाळाला. आत्ता."

"अहो, मी फादर नाही, पाळक नाही, कुणीच नाही."

"अशा वेळी कुणीही देऊ शकतं," बेकरीवाली आजी पुढे येऊन म्हणाली. "आम्हाला लहानपणीच शिकवलंय. पाणी पाहिजे आणि शब्द पाहिजेत. बाकी कशावाचून अडत नाही."

सिस्टरने मास्क जरा खाली ओढला. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण बाळाच्या आईशी ती आजवर खोटं बोलली नव्हती, आणि आज तर बोलणारच नव्हती.

"आजी, माझ्या मंडळीत बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. आम्ही ते मानत नाही. मी मानत नाही."

 बाळाची आई म्हणाली, "तुम्ही मानू नका. मी मानते. मला आत सोडलं असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं. तुम्ही फक्त माझे हात व्हा."

सिस्टरने ऑर्गनवाल्या आजीकडे पाहिलं. तिला दोन्ही घरांमधली धुसफुस ठाऊक होती. काचेपाशी उभं राहून माणसं काय काय बोलतात ते परिचारिकांच्या कानावर पडतंच. ही बाई आता काय म्हणणार, याची तिला धास्ती वाटली.

ऑर्गनवाली आजी म्हणाली, "विहीणबाई बरोबर सांगतायत. द्या, सिस्टर. चर्च कुठलं ते मागून बघू."

सिस्टर आत गेली. डॉक्टरबाई सलाईनचा वेग बघत होत्या. सिस्टरने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "निर्जंतुक पाणी घ्या, कोमट करून. कपाळापुरतं. लगेच टिपा. ती गार पडता कामा नये."

सिस्टरने सिरिंजमध्ये थोडं पाणी घेतलं, ते तळहातात धरून उबवलं आणि पेटीची गोल खिडकी उघडली. मग एकदम थांबली. भिंतीवर आतून बाहेर बोलायचा फोन होता. तो तिने खांद्याने कानाला दाबला. "स्नानसंस्कार म्हणू की बाप्तिस्मा?"

काचेपलीकडून आईचा आवाज आला. "तुमच्या तोंडी जो येतो तो म्हणा. देवाला दोन्ही कळतात."

"आणि नाव?"

नाव ठरलं नव्हतं. त्यावरूनही दोन घरांत दोन मतं होती. बाळाच्या आईच्या मागून बेकरीवाली आजी म्हणाली, "नाव नसलं तरी होतं. बाळ म्हणा."

"बाळा," सिस्टर म्हणाली, "मी तुला बाप्तिस्मा देते. पित्याच्या," एक थेंब, "आणि पुत्राच्या," दुसरा, "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." तिसरा थेंब कपाळावरून घरंगळला आणि कानामागे गेला. तिने तो कापसाने टिपला. बाळाने भुवया आक्रसल्या, जणू काय ही कटकट.

आपण नाटक करतोय असं वाटेल, अशी सिस्टरला भीती होती. तसं वाटलं नाही. काय वाटलं ते मात्र तिला नंतरही धड सांगता आलं नाही.  मग पेटी हलली, दारं उघडली आणि सगळे थिएटरकडे निघाले.

बाहेरच्या बाकावर दोन आज्या शेजारी शेजारी बसल्या. बाळाच्या आईला मध्ये बसवलं. बाळाचे वडील रक्त पोचवून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बेकरीवाली आजी जपमाळ ओढत होती. ऑर्गनवाली आजी डोळे मिटून मनातल्या मनात बोलत होती. मग कुणी सुरुवात केली कोण जाणे, दोघी एकदम स्वर्गातल्या पित्याची प्रार्थना म्हणू लागल्या. ती दोन्हीकडे सारखीच. फक्त प्रोटेस्टंट लोक शेवटी एक ओळ जास्त म्हणतात. बेकरीवाली आजी आपल्या जागी थांबली. ऑर्गनवाली आजी सवयीने पुढे म्हणत गेली. बेकरीवाली आजी तिचं संपेपर्यंत गप्प राहिली आणि मग दोघींनी एकत्र आमेन म्हटलं. एरवी एवढ्यावरूनही टोमणा निघाला असता.

पाळकसाहेब धापा टाकत पोचले तोवर सर्जन बाहेर येत होते. त्यांनी टोपी काढली. "खराब भाग काढून टाकलाय. आतड्याचं तोंड सध्या पोटावर बाहेर ठेवलंय, काही आठवड्यांनी आत जोडू. पोरगी चिवट आहे."

बाळाचे वडील भिंतीला टेकलेले होते तसेच खाली बसले. बाळाची आई तोंडावर हात ठेवून रडली, आणि दोन्ही आज्यांनी एकाच वेळी तिला जवळ घ्यायला हात पुढे केल्यामुळे त्या तिघींची डोकी एकमेकांवर आपटली.

बाळ सुधारत गेलं. दुधाचे थेंब पचू लागले, श्वासाची नळी निघाली. पण जीव भांड्यात पडला की माणसाला राहिलेल्या काळज्या आठवतात. बेकरीवाल्या आजीला आठवलं की सिस्टर म्हणाली होती, मी मानत नाही. न मानणाऱ्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा लागू होतो का? ऑर्गनवाल्या आजीला आठवलं की चर्च कुठलं ते मागून बघू असं आपणच म्हणालो होतो. ते मागून आता आलं होतं.

आणि सिस्टरची तर वेगळीच पंचाईत. हॉस्पिटलमधली बातमी हॉलपर्यंत जायला वेळ लागत नाही. रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतली एक मावशी, मनाने चांगली पण जिभेला हाड नसलेली, खुर्च्या आवरता आवरता म्हणाली, "ऐकलं, तू आता शिंपडायला लागलीस म्हणे." आजूबाजूचे हसले. सिस्टरही हसली, पण तिला ते लागलं. 

त्यांचे पास्टर आठवडाभर फ्रिज दुरुस्त करायचे. सिस्टर त्यांच्या दुकानात गेली तेव्हा ते एका जुन्या फ्रिजच्या पाठीमागे बसले होते. तिने सगळं सांगितलं. ते पाना हातात धरून ऐकत राहिले.

"मी खोटं बोलले का, पास्टर? जे मानत नाही ते देवाच्या नावाने म्हटलं."

"मला लगेच सांगता येणार नाही, ताई," ते म्हणाले. "मी असतो तर काय केलं असतं तेही सांगता येणार नाही. मला जरा विचार करू दे."

ती उठली तेव्हा ते म्हणाले, "रागावलेलो नाही हं मी. विचारच करतोय." पण तेवढ्याने तिचं ओझं उतरलं नाही.

काही दिवसांनी बाळाच्या आईने सिस्टरला गाठलं. फादरना तुम्हाला भेटायचंय, म्हणाली. त्यांना काही प्रश्न विचारायचेत.  सिस्टरने पास्टरना फोन केला, आणि ते लगेच म्हणाले, "एकटी जाऊ नकोस, मी येतो."

भेट कुठे घ्यायची यावरही खल झाला. फादरांच्या घरी म्हटलं तर ऑर्गनवाली आजी कुरकुरणार, दगडी चर्चमध्ये म्हटलं तर बेकरीवाली. शेवटी बाळाचे वडील म्हणाले, "बेकरीच्या मागच्या खोलीत बसा. पिठाला कुठला पंथ नसतो."

म्हणून एका दुपारी, भट्टी निवलेली असताना, त्या खोलीत माणसं जमली. फादर होते, वयस्कर आणि सावकाश बोलणारे. पाळकसाहेब होते, उंच, त्यांना दारातून वाकून यावं लागलं. पास्टर स्वच्छ शर्ट घालून आले होते, पण नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं. बसायला एक बाक आणि बाकी पिठाची पोती. फादर सरळ पोत्यावर बसले, त्यामुळे बाकीच्यांनाही बसावं लागलं. बाळाचे आईवडील आणि दोन्ही आज्या भिंतीशी उभ्या होत्या. सिस्टरला बाकावर बसवलं होतं, त्यामुळे तिला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"घाबरू नका," फादर म्हणाले. "मला फक्त काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचंय. पाणी होतं?"

"हो. निर्जंतुक पाणी. सिरिंजमधून."

"कुठे घातलं?"

"कपाळावर. तीन थेंब."

फादर जरा पुढे सरकले. "हे मला नीट सांगा. थेंब पडून तिथेच राहिला, की वाहिला? पाणी वाहायला हवं. आमच्याकडे त्याला महत्त्व आहे."

बेकरीवाल्या आजीने श्वास रोखला. सिस्टरने डोळे मिटले आणि ती पेटी, ते इवलं कपाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणलं.

"वाहिला," ती म्हणाली. "शेवटचा थेंब कानामागे गेला. मी तो कापसाने टिपला. गार लागू द्यायचं नव्हतं ना."

"शब्द काय म्हटले?"

तिने सांगितले. फादरांनी मान डोलावली. मग त्यांनी चष्मा काढला. "आता शेवटचं. तुम्ही बाळांचा बाप्तिस्मा मानत नाही, असं मला कळलंय. त्यात काही गैर नाही. पण हे करताना तुमच्या मनात काय होतं?"

सिस्टरने पास्टरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"खरं सांगू, फादर? तिच्या आईला जे हवं होतं तेच करायचं होतं. तुमच्या चर्चमध्ये जे करतात ते. माझ्या मताचा मी त्या वेळी विचारच केला नाही. पण गंमत म्हणून केलं नाही. हसण्यावारी नेलं नाही."

"झालं तर मग," फादर म्हणाले.

"म्हणजे?" बेकरीवाली आजी.

"म्हणजे झालं. बाप्तिस्मा झालाय. पुरता झालाय. तो एकदाच होतो. मी आता पुन्हा पाणी घातलं, तर सिस्टरनी केलं ते खोटं होतं असं म्हटल्यासारखं होईल, आणि ते मला करता येत नाही. तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र, असे राहिलेले विधी करू. पाणी मात्र नाही."

"आमच्याकडेही तोच नियम," पाळकसाहेब म्हणाले. "मलाही आता हात लावता येणार नाही."

दोन्ही आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. इतके महिने ज्यावरून घोडं अडलं होतं, ते घोडंच कुणीतरी सोडून नेलं होतं.

"पण मग कुठल्या चर्चचा झाला म्हणायचा?" ऑर्गनवाल्या आजीने विचारलं.

"अतिदक्षता विभागाचा," पाळकसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा सगळे हसले.

फादर हसले नाहीत. ते सिस्टरकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी दफनविधीत होतो म्हणून फोन बंद होता. बाहेर येऊन बघतो तर इतके फोन येऊन गेलेले. तेव्हापासून मला चैन नव्हतं. माझं काम तुम्ही केलंत."

 मग पास्टरांनी घसा साफ केला. "मी बोलू का? मी काही शिकलेला धर्मपंडित नाही. बाळाला पाण्याची गरज आहे, असं मला अजूनही वाटत नाही. देव तिला त्याशिवायही ओळखत होता. ती मोठी होऊन स्वतः हो म्हणेल, तो दिवस मला मोठा वाटतो. माझं मत बदललेलं नाही."

"बदलू नका," फादर म्हणाले. "तुम्ही सारखं ते 'हो' मागत राहता म्हणून आम्हाला आठवण राहते. आमच्याकडे पाणी घातलं, फोटो काढला की लोकांना वाटतं, संपलं."

 "आणि मी हे सगळे दिवस वेगळाच विचार करत होतो," पास्टर म्हणाले. "आमच्याकडे माणूस आधी हाक मारतो, मग पाण्यात उतरतो. पण ती पोर काही हाक मारू शकत नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही, आणि तरी कुणीतरी तिच्यासाठी उभं राहिलं. माझ्याबाबतीतही तसंच झालं असणार. मला हाक मारायची अक्कल येण्याच्या कितीतरी आधी." मग ते सिस्टरला म्हणाले, "ताई, तू खोटं बोलली नाहीस. आईच्या वतीने बोललीस. वकील बोलतो तसं. एवढं सांगायला मला इतके दिवस लागले."

सिस्टरने पदर डोळ्यांना लावला. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचं समोरच्या माणसालाही दिसावं, अशी ती बाकावर सैल झाली.

तेवढ्यात बाळाची आई म्हणाली, "पास्टर, तुमच्याकडे बाळांसाठी काहीच नसतं का?"

"असतं ना. बाळ आणतात, आम्ही हातात घेतो, देवापुढे धरतो आणि प्रार्थना करतो. बाळ-समर्पण म्हणतो आम्ही. पाणी नाही काही नाही."

"मग आम्ही सगळे तिला घेऊन तुमच्याकडे येणार."

पास्टर गडबडले. "आमच्याकडे? फादरही येणार? आमच्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत हो."

"मी आत्ता पोत्यावर बसलोय," फादर म्हणाले.

बाळाचं दुसरं ऑपरेशन झालं, आतडं आत जोडलं गेलं. घरी जाताना ती दोन मोठ्या पावांच्या वजनाहून जरा जास्तच भरली. राहिलेले विधी बाळाच्या आईच्या चर्चमध्ये झाले. फादरांनीच ऑर्गनवाल्या आजीला तिथल्या ऑर्गनवर बसवलं. आधी तिने त्याच्या स्वरांना नावं ठेवली, मग असं वाजवलं की तिथल्या गायकवृंदाने तिला पुढच्या महिन्याचंही आमंत्रण दिलं. ते तिने अजून स्वीकारलेलं नाही आणि नाकारलेलंही नाही.

आणि मग एका रविवारी, आपापल्या उपासना आटोपून, सगळी मंडळी नळ-टाक्यांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढली. फादर कठड्याला धरून एक एक पायरी चढत होते. मागून पाळकसाहेब, त्यांना तिथेही डोकं वाकवावं लागलं. हॉलमधल्या लोकांनी जागा करून दिली. गाणी मोठ्याने झाली. पहिल्या गाण्याला फादर नुसते बघत राहिले, तिसऱ्याला हळूहळू टाळी वाजवू लागले. पास्टरांनी बाळ हातात घेतलं, भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना केली, आणि बाळ त्या आवाजातही झोपून राहिलं. प्रार्थनेत त्यांनी बाळाला नावाने हाक मारली. नाव ठरलं होतं, आणि ते दोन्ही आज्यांनी सुचवलेल्यांपैकी नव्हतं.

शिंपडायला लागलीस म्हणणाऱ्या मावशीने समर्पणानंतर बाळ मांडीवर घेतलं, ते परत द्यायलाच तयार होईना. "माझ्या हातात शांत आहे ती," असं प्रत्येकाला सांगत बसली.

त्या दिवशी प्रभुभोजन ठेवलं नव्हतं. तिन्ही धर्मगुरूंना त्याचं कारण ठाऊक होतं. एकाच ताटातली भाकर मोडून खाणं, हे त्यांच्या तीन चर्चना अजून जमलेलं नाही. ते कोडं त्या हॉलमध्ये सुटणार नव्हतं. पाळकसाहेब जिन्यावर पास्टरांना म्हणाले, "आपल्या हयातीत सुटेल का?" पास्टर म्हणाले, "आपल्या हयातीत मी दगडी चर्चच्या पाळकाला आमच्या जिन्यावर बघेन, असंही वाटलं नव्हतं." बेकरीवाल्या आजीने टोपल्या भरून पाव आणले होते. साधे, गरम, घरच्या भट्टीचे. ते सगळ्यांनी जिन्यावर उभं राहून लोण्याबरोबर खाल्ले. ते प्रभुभोजन नव्हतं, आणि कुणी तसं म्हटलंही नाही.

सिस्टर खाली उतरत होती तेव्हा ऑर्गनवाल्या आजीने तिला थांबवलं. "तुमच्याकडे मोठ्या माणसांना पाण्यात बुडवतात ना, ते बघायला बोलवा मला कधी. बघायलाच हं."

"बोलवेन," सिस्टर म्हणाली. "पुढची रांग देईन. फक्त जरा शिंतोडे उडतात."

घरी पोचल्यावर तिने चपला काढल्या, नवऱ्याने वाढलेलं जेवण पोटभर खाल्लं आणि म्हणाली, "मी थोडं पडते." दुपार उतरली, शेजारच्यांचं दार वाजलं, गल्लीत कुणीतरी कुणाला हाका मारल्या. गाढ झोपेत ती कुशीवरही वळली नाही. संध्याकाळचा चहा झाल्यावर नवऱ्याने खोलीत डोकावून पाहिलं, आणि तिला न उठवता दार हळूच लोटून घेतलं.